अमेरिकन चेस्टनट लावताना: बी निवडण्यापासून करपा सांभाळण्यापर्यंत

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना या भागात घर घेतलं आणि मागे थोडी मोकळी जागा मिळाली, की तिथे काय लावायचं हा प्रश्न येतोच. कढीपत्ता आणि मोगरा थंडीमुळे कुंडीतच राहतात. जमिनीत लावायला तिथल्याच मातीतलं झाड हवं असेल, तर अमेरिकन चेस्टनटचा, म्हणजे खाण्याजोग्या बिया देणाऱ्या तिथल्या जंगली झाडाचा, विचार जरूर करा. मात्र हे झाड रोप आणलं, खड्डा केला, लावलं आणि विसरलं असं चालत नाही. त्याला एक जुना आजार आहे, आणि त्या आजाराला धरूनच सगळं नियोजन करावं लागतं.

अ‍ॅपलाचियन डोंगररांगांतल्या (अमेरिकेच्या पूर्वेकडच्या) जंगलांत एकेकाळी या झाडाचं राज्य होतं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक करपा दिसला. आशियातून आलेल्या झाडांबरोबर आलेली ही बुरशी, तिचं नाव क्रिफोनेक्ट्रिया पॅरासिटिका. पुढच्या पन्नासेक वर्षांत तिने ३ ते ४ अब्ज झाडं मारली. ती सालीच्या चिरेतून आत शिरते, ऑक्झॅलिक आम्ल सोडून सालीखालचा जिवंत थर मारत जाते आणि खोडाला गोल वेढा घालते. वेढा पूर्ण झाला की वरचा भाग वाळतो. मुळं मात्र जगतात, कारण मातीतल्या इतर सूक्ष्मजीवांपुढे या बुरशीचं काही चालत नाही. म्हणून आजही जंगलात जुन्या बुंध्यांतून फुटवे येतात, हाताएवढे जाड होतात, करपतात आणि पुन्हा फुटतात.

## १. आधी हेतू ठरवा

हेतू तीन असू शकतात, आणि प्रत्येकाचं बी वेगळं.

फक्त चेस्टनट खायचे असतील तर अमेरिकन जातीच्या मागे लागू नका. चिनी चेस्टनट किंवा डन्स्टनसारखे संकर लावा. करप्यापुढे ते टिकतात, फळ मोठं देतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

जंगली अमेरिकन झाडांची जनुकं टिकवायची असतील तर शुद्ध अमेरिकन बी लावा. ही झाडं बहुधा करप्याने जातील, हे गृहीत धरूनच लावायची. त्याआधी ती फुलली आणि पराग किंवा बी देऊन गेली, की काम झालं.

रोगाला तोंड देणारं झाड घडवण्याच्या प्रयत्नात हातभार लावायचा असेल, तर निवडक किंवा संकरित बी एखाद्या संस्थेकडून घ्या आणि त्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवण्याची तयारी ठेवा. पुनर्स्थापनेच्या, म्हणजे हे झाड जंगलात परत आणण्याच्या, कामात आई-बाप माहीत नसलेल्या झाडाचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो, मग ते कितीही डौलदार वाढलेलं असो.

## २. "रोगप्रतिकारक" म्हणजे नेमकं किती?

करपा अजिबात न लागणारं अमेरिकन चेस्टनट आज मिळत नाही. मिळतं ते कमी-जास्त सोसणारं. विकणारा "ब्लाइट-रेझिस्टंट" एवढंच लिहितो, म्हणून पुढचे प्रकार नीट समजून घ्या.

निवडक शुद्ध अमेरिकन. करप्यातून वाचलेल्या मोठ्या झाडांचा आपसात संकर करून हे बी तयार होतं. व्हर्जिनियातली अमेरिकन चेस्टनट कोऑपरेटर्स फाउंडेशन या वाटेने काम करते. प्रतिकार अर्धवट असतो आणि झाडागणिक बदलतो.

उलट संकर, म्हणजे बॅकक्रॉस. चिनी आणि अमेरिकन यांचा संकर करायचा आणि त्याची संतती पुन्हा पुन्हा अमेरिकन झाडाशी जुळवायची. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनने (पुढे नुसतं फाउंडेशन) व्हर्जिनियातल्या मेडोव्ह्यू इथे १९८९ पासून हे काम चालवलं आहे. तीन उलट संकरांनंतर कागदावर १५/१६ भाग अमेरिकन राहतो. सुरुवातीचा अंदाज असा होता की प्रतिकार दोन-तीन जनुकांत आहे. पुढे दिसलं की तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे. परिणामी झाड जितकं जास्त अमेरिकन, तितका त्याचा प्रतिकार सरासरीने कमी. या बियांकडून मध्यम प्रतिकाराची अपेक्षा ठेवा.

जनुक-परिवर्तित. सिरॅक्यूजच्या सनी-ईएसएफ या महाविद्यालयात गव्हातलं एक जनुक चेस्टनटमध्ये घातलं गेलं. ते बुरशीच्या ऑक्झॅलिक आम्लाचं विघटन करतं. "डार्लिंग ५८" हे नाव तुम्ही ऐकलं असेल. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालं की ज्या झाडांवर डार्लिंग ५८ म्हणून वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या, ती प्रत्यक्षात डार्लिंग ५४ होती. परागाची अदलाबदल झाली होती. फाउंडेशनने तेव्हा या वाणाचा पाठिंबा काढून घेतला, महाविद्यालयाने काम पुढे चालू ठेवलं. अशी रोपं सरकारी परवान्याशिवाय लावता येत नाहीत. कुणी "डार्लिंग" म्हणून विकत असेल तर घेऊ नका, आणि परवानगीची ताजी स्थिती यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, संकेतस्थळावर पाहा.

प्रयोगशाळेत शिकलेली माणसं, कुलपातलं साहित्य, आणि तरीही परागाची बाटली बदलली. घरामागे चार रोपं लावणाऱ्याने लेबल किती काळजीने लावायला हवं, ते यावरून समजावं.

## ३. ओळख पक्की करा

अमेरिकन चेस्टनटचं पान लांबट, अरुंद असतं. कडेचे दात मोठे आणि आकड्यासारखे वळलेले. पान उलटं करून बोट फिरवा: अमेरिकन पानाची मागची बाजू गुळगुळीत लागते, चिनी पानाची लवदार. कोवळी फांदी अमेरिकन झाडाची लालसर-तपकिरी आणि केसरहित, चिनी झाडाची फिकट आणि लवदार. काटेरी कवचात अमेरिकन झाडाच्या सहसा तीन छोट्या बिया असतात, इंचाच्या आतल्या, टोकाला लव असलेल्या. कवचात एकच बी निघाली तर ते बहुधा चिंकापिन, म्हणजे याच कुळातलं वेगळं झुडूप.

हॉर्स चेस्टनट हे पूर्णपणे वेगळं झाड आहे आणि त्याचं बी विषारी आहे. त्याची पानं तळहाताच्या बोटांसारखी एका बिंदूतून फुटतात. उद्यानात पडलेल्या चकचकीत तपकिरी बिया मुलं गोळा करून आणतात, त्या बहुतेकदा याच्याच.

शंका असेल तर पानं असलेली सहा ते बारा इंचांची फांदी दोन पुठ्ठ्यांत सपाट दाबून फाउंडेशनकडे ओळखीसाठी पाठवता येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, वाटेत कुजते.

## ४. बी किंवा रोप कुठून आणायचं, आणि कागदपत्रं

नाताळच्या सुमाराला किराणा दुकानात येणारे चेस्टनट बहुतेक युरोपीय किंवा आशियाई असतात. ते पेरून अमेरिकन झाड येणार नाही. खात्रीचं बी मिळतं ते फाउंडेशनच्या राज्य शाखांकडून (पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीची मिळून एकच शाखा आहे), कोऑपरेटर्स फाउंडेशनकडून, किंवा वाणाचं नाव आणि उगम लिहून देणाऱ्या नर्सरीकडून. सभासदत्व घ्यावं लागतं. मागणी हिवाळ्यातच नोंदवा, वसंत ऋतूत शिल्लक राहत नाही.

हाताशी हे असू द्या:

- काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसमधून (स्थानिक शेतीसल्ला कार्यालयातून) करून घेतलेला माती परीक्षणाचा अहवाल
- सोसायटी, म्हणजे एचओए असेल तर त्यांची लेखी परवानगी
- बियांच्या उगमाची पावती किंवा पत्र: मातृवृक्ष, पराग कुठला, वर्ष
- खोदण्याआधी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या तारा आणि पाइप आखून घेतल्याची नोंद (ही सेवा मोफत आहे)
- बी परराज्यात न्यायचं असेल तर तिथल्या कृषी खात्याचे नियम. ओरेगन आणि कॅलिफोर्नियात चेस्टनटवर निर्बंध आहेत

राष्ट्रीय वनात किंवा स्टेट पार्कमध्ये परवानगीशिवाय लावू नका, आणि तिथले फुटवे उपटूनही आणू नका. सुट्टीत गावी येताना पिशवीत चार बिया टाकण्याचा मोह होतो, तोही आवरा. भारतात आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याच्या) प्रमाणपत्राशिवाय बी आणता येत नाही. शिवाय या बीला रुजायला लांब, कडक थंडी लागते, ती आपल्याकडे सह्याद्रीतही नाही. हिमालयाच्या पट्ट्यात चेस्टनटची झाडं आहेत, तिथे ही बुरशी पोचवण्याचं निमित्त आपण होऊ नये.

## ५. जागा

पाच गोष्टी पाहा, आणि यात निचरा सर्वांत महत्त्वाचा.

फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत उतरलं नाही तर ती जागा सोडा. चिकण, पाणी धरणाऱ्या मातीत फायटोफ्थोरा नावाची दुसरी व्याधी मुळं काळी करून झाड मारते. दक्षिणेकडे, म्हणजे कॅरोलिना, जॉर्जिया, टेनेसी या भागात तिचा जोर जास्त. करप्याने मेलेलं झाड बुंध्यातून पुन्हा फुटतं. फायटोफ्थोराने मेलेलं फुटत नाही, कारण मूळच मेलेलं असतं. एकदा ती शिरली की त्या जागेची माती दुसरीकडे नेऊ नका, फावडं आणि बुटांचे तळवेही धुऊन घ्या.

मातीचा सामू (पीएच) ४.५ ते ६.५ च्या मध्ये हवा. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. इथे एक फसगत नेहमीची आहे: लॉनवर दरवर्षी चुना टाकण्याची पद्धत. पूर्वीच्या मालकाने टाकला असेल तर अहवालात दिसेल. तुम्ही नंतर टाकत असाल तर झाडाच्या आसपास बंद करा.

ऊन दिवसभराचं हवं. उताराच्या तळाशी खोलगट जागा टाळा, तिथे उशिराचं दहिवर (गोठलेलं दव) साचून मे महिन्यातली कोवळी पानं जळतात. अंतर: कायमचं झाड हवं असेल तर २५ ते ३० फूट, नुसती जनुकं जपायची असतील तर १० ते १५ फूटही चालतं. आणि एकटं झाड लावू नका. चेस्टनट स्वतःच्या परागाने फळत नाही. २०० फुटांच्या आत दुसरं झाड लागतं, तेही वेगळ्या आईचं असेल तर उत्तम.

## ६. बी थंडीत ठेवणं

चेस्टनटचं बी वाळलं की मेलं. शेंगदाण्यासारखं डब्यात भरून ठेवता येत नाही.

ऑक्टोबरात बी हाती आलं की पाण्यात टाका. तरंगणारी बी बहुतेक पोकळ किंवा अळीने खाल्लेली असते. झाडाखालून स्वतः वेचली असेल तर आत भुंग्याची अळी असण्याचा संभव मोठा. १२० अंश फॅरनहाइट पाण्यात २० मिनिटं ठेवल्याने अळी मरते. थर्मामीटर लावूनच करा. पाणी याहून फार तापलं तर अळीबरोबर अंकुरही मरतो. नंतर वरचं पाणी सुकू द्या.

पीट मॉस ओलसर करा, इतकंच की मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये. जास्त ओलं झालं तर बी कुजतं, हीच चूक सगळ्यांत जास्त होते. झिपच्या पिशवीत पीट आणि बी मिसळा, पिशवीला दोन-चार भोकं पाडा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ३४ ते ३८ अंश फॅरनहाइटवर तीन-चार महिने ठेवा. गोठू देऊ नका. महिन्यातून एकदा उघडून पाहा. कवचावर थोडी बुरशी दिसली तर पुसून टाका, बी दाबल्यावर मऊ लागली तर फेकून द्या.

प्रत्येक मातृवृक्षाची पिशवी वेगळी. लेबल एक बाहेर आणि एक आत, पेन्सिलने लिहिलेलं. मार्करची शाई ओलाव्यात पुसली जाते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरं मूळ बाहेर येतं. आता ते मोडायच्या आत पेरायला हवं.

## ७. पेरणी

कडाक्याचं दहिवर ओसरल्यावर, साधारण एप्रिल मध्य ते मे मध्य, थेट जागेवर पेरा. तोवर मुळं लांबत असतील तर खोल कुंडीत लावा, किमान १० ते १४ इंच खोल. उथळ कुंडीत सोटमूळ गोल फिरतं आणि झाड कायमचं लंगडं होतं. कुंडीत दोन भाग पीट, एक भाग पर्लाइट, एक भाग व्हर्मिक्युलाइट घ्या.

जागेवर फूटभर खोल माती सैल करा, त्याच मातीने भरा. खड्ड्यात शेणखत-कंपोस्ट कोंबू नका. बी आडवी ठेवा, मूळ खाली, वर इंचभर माती. मुळाचं टोक मोडलं असेल तरी पेरा, बाजूने नवी मुळं फुटतात.

लगेच, त्याच दिवशी, संरक्षण. खारीला पेरलेली बी संध्याकाळपर्यंत सापडते. छोटी नळी दोन इंच जमिनीत रोवून बीभोवती बसवा.

## ८. पहिली तीन वर्षं

हरणांसाठी पाच फुटी नळी किंवा तारेचा पिंजरा लावा, दांडक्याला पक्का बांधा. नळीला हवेची भोकं असू द्या. बंद नळीत कोंब थंडीपर्यंत कोवळा राहतो आणि पहिल्याच गोठणीत वाळतो. शेंडा नळीबाहेर येऊन खोड जाड झालं की नळी काढा, नाहीतर सालीवर घासून जखमा होतात आणि करप्याला वाट मिळते. बुंध्याशी पाव इंची जाळी लावा, हिवाळ्यात बर्फाखाली उंदरांसारखे व्होल साल कुरतडतात.

तीन फुटांचं आळं तणमुक्त ठेवा, लाकडी भुश्शाचं आच्छादन घाला, पण ते खोडाला चिकटू देऊ नका. गवत कापायच्या ट्रिमरची दोरी एकदा खोडाला लागली तरी वर्षांची मेहनत जाते, म्हणून आळ्यातलं तण हातानेच काढा. आठवड्याला इंचभर पाऊस झाला नाही तर गॅलन-दोन गॅलन पाणी द्या. आम्लप्रिय झाडांचं खत (३०-१०-१०) पानं उलगडल्यावर अर्ध्या मात्रेत, आणि जुलैनंतर बंद.

## ९. करपा आला की

करपा लागणार, हे धरून चाला. उन्हाळ्यात एखाद्या फांदीची पानं पिवळी होऊन वाळतात, पण गळत नाहीत, लोंबत राहतात. त्या फांदीवरून खाली या. गुळगुळीत सालीवर नारिंगी-तपकिरी, खोलगट किंवा फुगलेला, उभ्या चिरा पडलेला चट्टा दिसेल. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके. दमट हवेत त्या ठिपक्यांतून पिवळसर बारीक धागे बाहेर येतात. चट्ट्याखाली बहुधा नवे फुटवे निघालेले असतात.

चट्टा हाताच्या टप्प्यात असेल तर मातीचा लेप देता येतो. त्याच झाडाच्या बुंध्याजवळची माती घ्या, खडे काढा, भाकरीच्या पिठासारखी मळा. चट्ट्यावर आणि त्याच्या चहूबाजूंनी सहा इंच पुढपर्यंत जाड थर द्या, वरून प्लॅस्टिक गुंडाळा, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधा. किमान दोन महिने ठेवा. मुळं ज्या कारणाने वाचतात, तेच इथे कामी येतं: मातीतले जीव बुरशीला मागे हटवतात. एक चट्टा थांबला तरी दुसरा वर निघू शकतो, आणि शेंड्यावरच्या चट्ट्याला लेप पोचत नाही. साल खरवडू नका.

खोडाला पूर्ण वेढा पडला असेल तर झाड जमिनीलगत कापा, चांगले फुटवे राखा. कात्री दर झाडाला ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कापलेली लाकडं झाडाखाली रचून ठेवू नका, मेलेल्या सालीवरही ही बुरशी जगते. प्रतिकार तपासायला मुद्दाम बुरशी टोचण्याचे प्रयोग संशोधन केंद्रं करतात, घरी करू नका.

काय नोंदवायचं: चट्टा दिसल्याची तारीख, जमिनीपासून उंची, लांबी, आणि पुढच्या वर्षी तो वाढला की कडा फुगून थांबला. कडा फुगून थांबलेला चट्टा ही आनंदाची बातमी आहे, तिचा फोटो मोजपट्टीसकट काढा आणि राज्य शाखेला कळवा.

## १०. फुलणं आणि बी

मोकळ्या उन्हातलं झाड पाच ते आठ वर्षांत फुलतं. जून-जुलैत लांब पांढरट तुरे येतात, ते नर. मादी फुलं काही तुऱ्यांच्या बुडाशी, बारीक हिरव्या काटेरी गाठीसारखी. जवळ चिनी चेस्टनट असेल तर वाऱ्याने आणि कीटकांनी पराग मिसळणारच. असं बी खायला हरकत नाही, पुनर्स्थापनेसाठी मात्र देऊ नका.

ठरवून संकर करायचा असेल तर मादी फुलं पक्व होण्याआधी नर तुरे खुडून कागदी पिशवी बांधा. दहा-चौदा दिवसांनी मादी फुलांचे स्त्रीकेसर बाहेर पसरले की काचपट्टीवर घेतलेला पराग हलकेच लावा आणि पिशवी पुन्हा बांधा. दोन-चार पिशव्या पराग न लावता तशाच ठेवा. त्यांत बी धरलं तर बाहेरचा पराग शिरला असं समजा आणि त्या वर्षीचं सगळं बी बाजूला काढा.

कवचं सप्टेंबरअखेर पिवळी पडून तडकू लागली की जाड चामडी हातमोजे घालून काढा. जमिनीवर पडलेल्या बिया रोज वेचा, दोन दिवसांत खारी आणि हरणं काही शिल्लक ठेवत नाहीत. झाडाचा क्रमांक, परागाचा उगम आणि तारीख पिशवीवर आणि वहीत त्याच दिवशी लिहा, आणि बी सुकायच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.